चोपणातला गहू

फसली तेराशे पन्नास साल, आजूर महिना, येरमाळ्याच्या बाजाराचा दिवस. रक्कम चार रुपये हाली, म्हणजे निजामाच्या नाण्यात, सालाची. हजर माणसं चार: शेतकी खात्याचे असिस्टंट सय्यद अब्दुल कादर, जमिनीची मालकीण म्हणजे माझी चुलती गिरजाकाकू, तिचा मोटकरी धोंडिबा, आणि करार लिहायला मी. इंग्रजी हिशेबानं १९४० सालचा ऑक्टोबर. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि येरमाळ्यात एका अडत्याच्या दुकानी जमाखर्च लिहीत होतो.

जमीन होती ओढ्याकाठचा अर्धा एकर चोपण पट्टा. पाऊस पडला की तिथं बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा, सुकला की कुदळ टण्णकन वाजायची, आणि उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुलायचं. असला पट्टा पैसे देऊन कोणी मागतो हे काकूला खरं वाटेना.

"सायेब, तुमची कायतरी चूक व्हतीया. माजी चांगली जमीन हिरीच्या अंगाला हाय. ह्या पट्ट्यात गवत बी तोंड वाकडं करून उगवतंय."

"मला हाच पट्टा पाहिजे, काकू."

"पुरलेलं काय हाय का तितं?" धोंडिबानं विचारलं.

"हाय ना," कादरसाहेब म्हणाले. "मीठ."

करार झाला. काकूनं चार रुपये पदरात बांधले आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "माणूस डोक्यानं बरा हाय न्हवं?"

कादरसाहेब तेव्हा पस्तिशीचे असतील. उंच, किडकिडीत, डोक्यावर रुमी टोपी, पायात धुळीनं रंग हरवलेले बूट. शिक्षण हैदराबादचं. खात्यानं त्यांना नेमलं होतं कापसाचं बियाणं वाटायला आणि कापसाची पिकं तपासायला, आणि ते काम ते चोख करत. गहू हा त्यांचा स्वतःचा उद्योग होता. त्याला खात्याची परवानगी होती, पण पैसा नव्हता. जमिनीचा खंड, खत, मजुरी सगळं पगारातून. ह्याबद्दल त्यांची बायको अमिनाभाभी एकदाच माझ्याजवळ बोलल्या. "भाऊ, दुसऱ्यांचे मियाँ सोनाराकडं जातेत, आमचे मिठाकडं."

जमीन किती खारट आहे हे ते जिभेनं ओळखत. चिमूटभर माती घ्यायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे, थुंकायची, आणि आकडा सांगायचा. आकडा आण्यात. सोळा आणे म्हणजे निव्वळ मीठ, शून्य म्हणजे गोडी जमीन. काकूचा पट्टा सगळीकडे सारखा नव्हता. बांधाकडं तीन आणे, मध्ये पाच, ओढ्याच्या तोंडाशी नऊ. नऊच्या पुढं काहीच जगत नाही असं ते म्हणत. प्रयोगशाळेत माती पाठवून त्यांनी हे ताडून घेतलं होतं. पण पाठवलेल्या मातीचं उत्तर यायला पेरणी उलटून जायची, जिभेचं उत्तर लगेच मिळायचं. जीभ ताजी राहावी म्हणून माती बघायच्या दिवशी ते सकाळपासून अळणी खात. घरी त्या दिवशी दोन कालवणं व्हायची, एक त्यांचं आणि एक माणसांचं, असं अमिनाभाभी म्हणत.

एका साली नेमकी पेरणीच्या तोंडावर रमजान आला. रोज्यात माती जिभेला लावायची नाही. साहेबांनी धोंडिबाला बरोबर घेतलं. धोंडिबानं एक चिमूट तोंडात टाकली, दुसरी टाकली, तिसऱ्या ठिकाणी ओठ चाटत म्हणाला, "ही चांगली हाय."

"चांगली म्हंजे किती आणे?"

"आणे न्हाय सांगता येत. हिच्यासंगं कांदा असता तर भाकरी गेली असती."

साहेब बांधावर बसून हसले. मग त्यांनी धोंडिबाला आधी मिठाचं पाणी पाजून, मग साधं पाणी पाजून, दोन दिवस आणे शिकवले. धोंडिबा पुढं गावात सांगत फिरायचा, "सायेबाची जीभ म्या हाय."

साहेबांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. चोपण जमीन सुधारायची तर चर खणायचे, पाणी निचरायचं, वर्षानुवर्षं खत घालायचं. ते सावकाराला परवडेल, सरकारला परवडेल, गिरजाकाकूला परवडणार नाही. "काकू, जमीन बदलायला माझ्याकडं पैसा न्हाय. बी बदलून बघतो." त्यांना वाशीकडच्या एका ओढ्याकाठी, मीठ फुललेल्या बांधावर, आपोआप उगवलेला गहू सापडला होता. बुटका, काळ्या कुसळाचा, दाणा सुरकुतलेला. खायला निरुपयोगी, पण मिठात हिरवा उभा. तो गुण आपल्याकडच्या बन्सी गव्हात आणायचा, एवढंच त्यांना करायचं होतं.

ते कसं करतात हे बघायला पहिल्या साली निम्मं गाव जमलं. बन्सीची ओंबी नुकती बाहेर पडली होती. साहेब उकिडवे बसले, बारीक चिमट्यानं एकेक फूल उघडून आतल्या तीन कोवळ्या पिशव्या काढून टाकल्या, म्हणजे ओंबीनं स्वतःचंच फळ धरू नये. वर पतंगाच्या कागदाची टोपी घातली आणि तांबडा दोरा बांधला. तीन दिवसांनी काळ्या कुसळाच्या गव्हाची पिवळी पूड आणून त्या ओंबीवर झाडली आणि टोपी पुन्हा घातली.

"लगीनच की हे," धोंडिबा म्हणाला. "अंतरपाट धरू का?"

"टोपी हाय ना. तोच अंतरपाट."

"नवरदेव लई बुटका बघितला सायेब तुमी."

"पण हिमतीचा हाय."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकूनं त्या दिवशी खरोखर ओंबीला हळद लावायला आणली होती, ती साहेबांनी नको म्हणून परत पाठवली. हळदीनं पूड खराब होईल एवढंच कारण सांगितलं, हसले नाहीत.

संध्याकाळी ते दुकानी येत. मी आकडे मांडणारा माणूस, म्हणून मला सगळं समजलं पाहिजे असा त्यांचा आग्रह असे. त्यांनी मला सांगितलेलं मला आजही नीट सांगता येतं. आईबाप वेगळे असले तरी पहिल्या पिढीची सगळी रोपं एकसारखी निघतात, एका घरात नांदणाऱ्या भावांसारखी. दुसऱ्या पिढीत घर फुटतं. कोणी आजोबांवर जातो, कोणी आजीवर, कोणी मधलाच. मीठ सोसायचा गुण एका वाटणीचा नसतो. चार-पाच वाटण्या एकाच्या पदरात पडल्या तरच रोप मिठात उभं राहतं, आणि तसं रोप शेकड्यात थोडंच असतं. ते ओळखायचा उपाय एकच, सगळ्यांना मिठात पेरायचं. चांगल्या जमिनीत सगळेच चांगले दिसतात.

"म्हणजे मारायसाठी पेरायचं?" मी विचारलं.

"मरतील ते माझे न्हाय."

तिसऱ्या साली हे घर फुटलं. पट्ट्यात एका वाफ्यात गुडघाभर, शेजारी वीतभर, मध्येच जळून गेलेलं, असा चित्रविचित्र गहू उभा होता. नऊ आण्याच्या तोंडाशी मूठभर रोपं जगली. त्यांच्या ओंब्या साहेबांनी स्वतः खुडल्या. दाणे अडीच शेर भरले. खात्याचे मोठे साहेब त्या हंगामात येऊन गेले होते आणि बजावून गेले होते की अजून तीन पिकांत एक एकर पेरण्याइतकं पक्कं बियाणं दाखवलं नाही तर गव्हाचं हे काम बंद, पुढं फक्त कापूस. तेव्हा ते अडीच शेर म्हणजे कादरसाहेबांचं सगळं होतं.

चौथ्या साली पेरणी करून ते गेले आणि मधेच त्यांना लेव्हीच्या कामाला लावलं. लढाईचे दिवस होते, धान्यवसुलीला सगळ्या खात्यांची माणसं ओढली होती. साहेब लोहाऱ्याकडं अडकले. तिकडून त्यांनी माझ्याकडं निरोप धाडला, काकूला सांगा, पीक आलं की बियाणं काढून ठेवा. मी निरोप जसाच्या तसा पोचवला.

इथं काकूची रीत सांगायला हवी, कारण ती एकटीची नव्हती, आमच्याकडं घरोघर तीच होती. बियाणं बाई निवडते. कापणीआधी शेतातून फिरून सगळ्यांत ठसठशीत, भरलेल्या ओंब्या वेगळ्या खुडायच्या, त्यांची जुडी चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगायची. बारीक दाण्याला बियाणं म्हणणं हा काळ्या आईचा अपमान. आणि त्या साली काकूनं आणखी एक केलं होतं. साहेबांनी पेरून उरलेलं शेरभर बी तिच्याकडं ठेवलं होतं. त्या बियाची तिला दया आली. सायेब परगावी, बी लेकरासारखं, ते मिठात कशाला? तिनं ते विहिरीच्या अंगाला, दोन वर्षं मेंढरं बसवलेल्या वाफ्यात टाकलं. तिथं गहू छातीला लागला.

बियाणं तिनं तिथूनच काढलं. चोपणातला गहू आला तो बारीक, सुरकुतलेला. तो बियाण्याच्या कामाचा नव्हताच. पण त्याचा रवा चांगला चिकट निघाला. चैत्रात तिनं आणि शेजारणींनी अंगणात खाटा उलट्या टाकून त्याच्या शेवया केल्या, आणि भादव्यात रमजान संपायच्या आधी त्यातल्या डबाभर अमिनाभाभींकडं पाठवल्या. त्यांच्याच गव्हाच्या, म्हणून मुद्दाम.

साहेब ईदेला घरी आले. शिरखुर्मा झाला, वाटला, मीही एक वाटी खाल्ली. आठ दिवसांनी पेरणीचं बघायला आम्ही दोघं काकूकडं गेलो. तिनं मोठ्या अभिमानानं आढ्याची जुडी खाली काढली आणि साहेबांच्या हातात दिली. सोन्यासारखा दाणा. साहेबांनी तळहातावर चोळून बघितला.

"हा कुठला, काकू?"

"तुमचाच की. हिरीच्या वाफ्यातला. बगा कसा टपोरा हाय. मेंढरं बसवली व्हती म्या."

"आणि पट्ट्यातला?"

"तो बारीक व्हता वो. शेवया केल्या त्याच्या. भाभीनं न्हाय सांगितलं? पोचल्या न्हवं?"

मी साहेबांकडं बघितलं नाही. जमिनीकडं बघत राहिलो.

"पोचल्या," साहेब म्हणाले. "लई चांगल्या झाल्या होत्या, काकू. आमच्या घरी कुणी शिल्लक ठेवल्या न्हाय."

"पट्ट्यातला एखादा शेर दाणा राहिलाय का तरी?" मी विचारलं.

काकूला तेव्हा कळलं. ती उंबऱ्यावर बसली. "म्या काय केलं, सायेब?"

"तुम्ही आईनं करायचं ते केलं," साहेब म्हणाले. "चूक माझी हाय. बियाणं काढून ठेवा असा निरोप धाडला. बियाणं म्हंजे काय, हे तुमच्या घरात ठरलेलं होतं. माझ्या घरात वेगळं होतं. ते सांगायला पाहिजे होतं."

परतताना ते सायकल हातात धरून चालत होते. वेशीपाशी त्यांनी मला विचारलं, "समजा शंभर दाणे. सगळे मिठात जगलेल्यांची लेकरं. त्यातून टपोरे टपोरे निवडले. आजोबाच्या वाटण्या किती उरल्या असतील?"

"मला काय ठाऊक? थोड्या."

"थोड्या म्हंजे शून्य न्हाय. तुम्ही हिशेबाचे माणूस. शून्य आणि थोडं ह्यात फरक करता का न्हाय?"

जुडीचं झाडून सगळं बी त्यांनी त्या साली चोपणात पेरलं, तेही तीन आण्याला नाही, थेट ओढ्याच्या तोंडाशी. काकू रोज बांधावर येऊन उभी राहायची. उगवण सुरेख झाली. मग पोपटी पानांची टोकं करपली, मग वाफेच्या वाफे आडवे झाले. काकूनं डोळ्याला पदर लावला. साहेब मात्र सायकलीवरून येत, मेलेलं रोप उपटून मूळ बघत आणि टाकून देत. एकदा काकू चिडली.

"तुमाला कायच वाटत न्हाय का वो? जीव हाय त्यात."

"वाटतं, काकू. पण जे मरतंय ते तुमच्या पट्ट्यात कधी जगणारच नव्हतं. आज मेलं तर उद्या तुम्हाला फसवणार न्हाय."

होळीच्या सुमाराला पट्ट्यात फूटभर उंचीची थोडी ठोंबं उरली. दूरदूर, एखाद्या म्हाताऱ्याच्या दातांसारखी. साहेबांनी काकूलाच कापायला सांगितलं. तिनं एका ओंबीकडं बोट दाखवून विचारलं, "ही मरतुकडी ठिवायची?" काकूनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि ओंबी खुडून ओच्यात टाकली. त्यानंतर तिनं विचारलं नाही. शेजारच्या ठोंबाला एक जाड ओंबी आली होती, तिच्याकडं मात्र ती जरा थांबून गेली.

त्या दाण्याचं पुढच्या साली जे झालं ते चार पायल्याही नव्हतं. मोठे साहेब ठरल्याप्रमाणे आले. पट्टा बघितला, विचारलं एकर कुठं आहे, आणि एकर नव्हता. कादरसाहेबांनी शेवयांची गोष्ट त्यांना सांगितली नाही. काकूचं नाव सरकारी कागदात यायला नको म्हणाले. बदली कापसाच्या कामावर, दूर. जाताना त्यांनी ते बी दोन फडक्यांत बांधलं. एक फडकं स्वतःच्या पेटीत ठेवलं, एक काकूला दिलं.

"ह्याचं मी काय करू?"

"पट्ट्यात पेरा. मरतील ते मरू द्या. राहतील त्यातलं पेरा. खत घालू नका, मी तुमच्या पाया पडतो."

पुढची अडीच वर्षं पत्रापलीकडं भेट नाही. मग पोलिस ॲक्शन झाली. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात काय काय झालं ते सांगायची ही जागा नाही. पण कादरसाहेबांचा धाकटा भाऊ घरी परत आला नाही आणि त्यांची स्वतःची नोकरी गेली, एवढं लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. त्यांच्या पेटीतलं फडकं त्या धावपळीत कुठं गेलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते लोहाऱ्याला सासऱ्यांच्या दुकानी बसू लागले असं कळलं.

१९५० च्या फेब्रुवारीत ते आले. बसमधून उतरले ते मला ओळखू आले नाहीत. दाढी पांढरी, टोपी साधी कापडी. आल्या आल्या म्हणाले, "पट्टा बघू."

पट्ट्यात त्या दिवशी आमच्या गावचा पटवारी साखळी टाकून उभा होता. सरकारी दप्तरात तो पट्टा पोटखराब होता, म्हणजे पीक न देणारा, म्हणून त्याला सारा नव्हता. आता त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढा गहू होता, काळ्या कुसळाचा, पण दाणा भरलेला. मी काकूला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की पटवाऱ्याला चार शब्द सांगू, पोटखराबच राहू दे, उगाच सारा कशाला लावून घेतेस.

कादरसाहेब पिकात शिरले नाहीत. बांधावर उभे राहून बुटाच्या टोकानं त्यांनी एक ढेकूळ उलटलं. खाली पांढरं मीठ पूर्वीसारखंच होतं. ते त्यांनी मला हातानं दाखवलं. जमीन सुधारली नव्हती. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

पटवाऱ्यानं त्यांनाच विचारलं. "तुम्ही शेतकीवाले होता ना? ही जमीन चोपण आहे की नाही? चोपण म्हणा, मी पोटखराब ठेवतो. बाईमाणूस आहे."

साहेबांनी काकूकडं बघितलं.

"लिव्हा," काकू म्हणाली. "पिकतं म्हणून लिव्हा. चोपण हाय आन् पिकतं."

"काकू, सारा लागंल," मी म्हटलं.

"लागू दे की. भुईला सारा लागला म्हंजे ती भुई झाली. आजपतोर ती नुसती जागा व्हती."

पटवारी हसला आणि लिहू लागला. साहेबांनी एक ओंबी तोडली, हातात चोळली, फुंकर मारली, दाणे मोजल्यासारखं केलं आणि परत वाफ्यात टाकले. जेवायला थांबा म्हटलं तर बस चुकेल म्हणाले. ओढ्यातून पलीकडं चढून रस्त्याला लागेपर्यंत मी त्यांना बघत होतो. मागं वळून बघायची त्यांना सवय नव्हती. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. दोन वर्षांनी लोहाऱ्याहून कार्ड आलं, ते त्यांच्या मुलाच्या हातचं होतं.

त्या वर्षी अर्ध्या एकराचा सारा बसला तेरा आणे हाली. काकूनं तो स्वतः चावडीवर जाऊन, पटवाऱ्याच्या हातात, सरकारला भरला.